गोव्याच्या हवेत स्लाइड माउंट करताना

प्रोजेक्टरवर दाखवायची स्लाइड म्हणजे फिल्मचा एक तुकडा आणि त्याला धरून ठेवणारी ५० × ५० मिलिमीटरची चौकट. या चौकटीलाच माउंट म्हणतात. तुकडा सपाट ठेवायचा, मध्यावर ठेवायचा आणि ट्रेमधून खाली उतरताना कुठे अडकायचं नाही, एवढंच माउंटचं काम. हात बसला की एक स्लाइड दोन-तीन मिनिटांत होते. गोव्यात अडचण हाताची नसते, हवेची असते. फिल्मवर चित्र असतं ते जिलेटिनच्या थरात. जिलेटिन हवेतलं पाणी ओढून घेतं आणि बुरशीला ते खाद्य म्हणून फार आवडतं. त्यामुळे थंड, कोरड्या देशांत छापलेल्या सूचनापुस्तिका आपल्याकडे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. कोणता माउंट घ्यायचा, कोणत्या महिन्यात कामाला बसायचं, काच घालायची की नाही, हे इथे आर्द्रतेला विचारून ठरवायचं.

हे काम शिकायला येणारे साधारण दोन प्रकारचे असतात. एकांच्या घरात कुवेत, मस्कत किंवा नैरोबीहून परतलेल्या कुणाची तरी स्लाइडची पेटी असते आणि चवथीला सगळं कुटुंब जमलं की ती भिंतीवर दाखवायची हौस असते. दुसरे तरुण आहेत, आताच स्लाइड फिल्मवर फोटो काढू लागलेले. कोडॅकची एक्टाक्रोम २०१८मध्ये पुन्हा बाजारात आली, फुजीची प्रोव्हिया आणि वेल्विया ही नावं त्यांना ठाऊक असतात. दोघांचं काम पुढे एकच होतं. पेटीवाल्यांना आधी जुने माउंट उघडण्याची जास्तीची मेहनत आहे, तिच्याकडे नंतर येऊ.

आधी फिल्मचं माप बघा

नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्र २४ × ३६ मिलिमीटरचं असतं. दोन चित्रांमध्ये जेमतेम दोन मिलिमीटरची पट्टी. माउंटची खिडकी चित्रापेक्षा किंचित लहान, बहुधा २३ × ३५च्या आसपास असते, म्हणजे चारही कडांनी थोडं चित्र झाकलं जाणार. ते झाकलं जाणंच बरं, नाहीतर पडद्यावर कडेने उजेडाची रेघ चमकते.

जुन्या पेट्यांत कधी चौकोनी चित्रं निघतात. कोडॅकने १९६३मध्ये इन्स्टामॅटिक कॅमेरे आणले, त्यांच्या १२६ क्रमांकाच्या कार्ट्रिजची ती चित्रं. बाहेरची चौकट तीच ५० मिलिमीटरची, खिडकी मात्र चौरस. अशा स्लाइडना ३५च्या माउंटमध्ये कोंबू नका, डोकी कापली जातात. ६ × ६ सेंटिमीटरच्या मोठ्या फिल्मला ७० × ७० मिलिमीटरचा माउंट लागतो आणि प्रोजेक्टरही वेगळा. तो नसेल तर त्या पट्ट्या न कापता तशाच जपून ठेवाव्यात.

नवी फिल्म प्रयोगशाळेत देताना एक वाक्य आधीच लिहून द्या: 'न कापता, माउंट न करता परत पाठवावी.' घाईत कापलेली पट्टी चित्राच्या मधून गेलेली असली तर कोणताही माउंट तिला वाचवू शकत नाही.

दिवस निवडा

जून ते सप्टेंबर माउंटिंग करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दिवसांत पणजीत काय किंवा डिचोलीत काय, आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच रेंगाळते. अशा हवेत फिल्म आतून ओली असते. हाताला कळत नाही, पण असते. ती माउंटमध्ये बंद केली की ओलावाही आत बंद होतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ, त्यातही दुपार. सकाळी दव असतं, संध्याकाळी समुद्राकडून वारा येतो. जेवणं आटोपल्यावर लोक वामकुक्षी घेतात, तेव्हा आपण टेबल मांडावं.

एक साधा आर्द्रतामापक विकत घ्या. कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतो, फार महाग नसतो. खोलीतला आकडा ५०च्या आसपास किंवा खाली असेल तर काम सुरू करा. एसी असेल तर खोली दोन तास आधी बंद करून चालवा. पंखा मात्र बंद. पंख्याखाली माउंटिंग करणं म्हणजे धूळ निमंत्रण देऊन बोलावणं.

फिल्मच्या पट्ट्या आदल्या दिवशीच ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा. एक-दोन दिवस पुरतात, आठवडाभर ठेवण्याची गरज नाही. हवा अगदीच शुष्क झाली तर फिल्म जास्त वळते, ठिसूळ होते आणि तिच्यावर स्थिर वीज साचून धूळ चिकटते. ३० ते ४० टक्क्यांच्या दरम्यानची हवा तिला मानवते. सिलिकाचे नारिंगी दाणे हिरवे पडले की ते भिजले असं समजा आणि ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन-तीन तास तापवा. अंगणात उन्हात पसरून ते नीट कोरडे होत नाहीत. सूर्य तळपत असला तरी हवा तीच दमट असते. तांदूळ घालू नका. तांदळाचं पीठ फिल्मवर बसतं आणि मागोमाग किडे येतात.

सामान

उजेडाची पेटी, म्हणजे लाइटबॉक्स. नसेल तर मोबाइल किंवा टॅब्लेटचा पांढरा पडदा चालतो, फक्त वर दुधी काच किंवा ट्रेसिंग पेपर ठेवा. आठपट मोठं दाखवणारं भिंग. धारदार, लांब पात्याची कात्री. रबरी फुगा असलेला ब्लोअर. मऊ केसांचा ब्रश, जो दुसऱ्या कशालाही वापरलेला नाही. सुती हातमोजे. बारीक टोकाचं, कायम टिकणारं मार्कर पेन आणि गोल लाल टिकल्या. टेबलावर धुतलेली, लव न सोडणारी चादर.

माउंट कुठे मिळतील? गोव्यात सहज नाहीत. म्हापसा, मडगाव, पणजीच्या जुन्या स्टुडिओवाल्यांना विचारून बघावं. कुणाच्या माळ्यावर न उघडलेला डबा निघू शकतो. नाहीतर मुंबईला फोर्टच्या कॅमेरा गल्ल्या किंवा ऑनलाइन. गेपेसारख्या नावाजलेल्या कंपनीचे प्लास्टिक माउंट सापडले तर ते घ्या. जुना साठा घेताना दोन-तीन माउंट उघडमिट करून बघा. प्लास्टिक म्हातारं झालं की खिट्टी पहिल्याच दाबाला तुटते.

काच घालायची की नाही

सगळ्यात जास्त विचार इथे करावा लागतो, कारण दोन्ही बाजूंना दम आहे.

बिनकाचेचा माउंट म्हणजे दोन प्लास्टिकचे अर्धे किंवा पुठ्ठ्याची घडी, मध्ये फिल्म. हलका, स्वस्त, हवेशीर. दोष एकच. प्रोजेक्टरचा हॅलोजन दिवा बहुधा २५० ते ३०० वॉटचा असतो. त्याची धग लागली की जिलेटिनमधला ओलावा उडतो, फिल्म ताणली जाते आणि काही क्षणांत तिची कमान उलट्या दिशेने फुगते. पडद्यावर चित्र स्पष्ट होतं तोच मध्यभाग धूसर होतो. फोकस नीट करा, पुढच्या स्लाइडला पुन्हा तेच. फिल्म जितकी ओलसर, तितकी ही उडी मोठी. म्हणजे श्रावणातल्या खेळात हा त्रास जास्त आणि जानेवारीत कमी.

काचेच्या माउंटमध्ये फिल्म दोन पातळ काचांमध्ये दाबली जाते. ती फुगू शकत नाही, चित्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्पष्ट राहतं, बोटांचे ठसे फिल्मवर पडत नाहीत. पुस्तिका वाचून कोणीही म्हणेल, मग काचच घाला. पण काचांमध्ये हवाही कोंडली जाते. दिवा पेटला की फिल्ममधून निघालेली वाफ काचेवर जमते आणि पडद्यावर ढगासारखे डाग सरकताना दिसतात. ते वाळून जातात. खरं नुकसान त्यानंतरच्या वर्षांत होतं. दोन काचांमधली दमट, स्थिर, अंधारी जागा बुरशीला हवी तशी. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की ती वाढू लागते, आणि आपल्याकडे तर चार महिने ती त्याच्या वरच असते. शिवाय काच फुटली तर चित्रावर ओरखडा ठरलेला.

कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२मध्ये शांबरिक खरोलिकेचे, म्हणजे मॅजिक लँटर्नचे, खेळ सुरू केले, तेव्हा चित्रं थेट काचेवर रंगवलेली असत; तिथे काच हीच स्लाइड होती. आपल्या स्लाइडमध्ये काच पाहुणी आहे. कामापुरतं बोलवावं, मुक्कामाला ठेवू नये.

म्हणून माझी शिफारस अशी. घरातला सगळा संग्रह बिनकाचेच्या प्लास्टिक माउंटमध्ये. एखादा ठरलेला कार्यक्रम असेल, मोठा पडदा असेल, तर त्यापुरत्या निवडक स्लाइड काचेत घाला आणि कार्यक्रम झाला की पावसाआधी बाहेर काढा. पुठ्ठ्याचे माउंट नव्याने घेऊ नका. पुठ्ठा ओलावा पितो, वाकतो, कोपरे सुटतात आणि कॅरोसेल प्रोजेक्टरवर बसणाऱ्या गोल ट्रेमध्ये तेच अडकतात.

काचेचे माउंट घेताना न्यूटनच्या वलयांचं लक्षात ठेवा. फिल्मची चकचकीत पाठ गुळगुळीत काचेला टेकली की मध्ये राहिलेल्या अतिसूक्ष्म फटीमुळे प्रकाशाच्या लहरी एकमेकींवर येतात आणि सांडलेल्या तेलावर दिसतात तशी रंगीत कडी पडद्यावर उमटतात. यावर उपाय म्हणून चांगल्या माउंटमध्ये एक काच अगदी बारीक खरखरीत केलेली असते. ती काच फिल्मच्या चकचकीत बाजूकडे आली पाहिजे. उलट लावली तर जास्तीचे पैसे देऊनही वलयं तिथेच.

जाडीही मोजा. काचेचे माउंट बहुधा ३ मिलिमीटरचे असतात. कॅरोसेलच्या ८० खाचांच्या ट्रेमध्ये ते मावतात, १४० खाचांच्या ट्रेमध्ये नाही.

कापणं

हातमोजे घाला. पट्टी लाइटबॉक्सवर ठेवून भिंगातून दोन चित्रांमधली काळी पट्टी शोधा. रिव्हर्सल, म्हणजे स्लाइडच्या, फिल्मवर जिथे उजेड पडलेला नाही तो भाग काळा असतो, त्यामुळे रात्रीच्या किंवा गाभाऱ्यातल्या चित्राची कड कुठे संपते ते पटकन समजत नाही. जत्रेच्या रात्रीचे फोटो असतील तर हमखास असं होतं. अशा वेळी उजेडातल्या चित्रापासून सुरुवात करा आणि कडेची भोकं मोजा. एका चित्रामागे आठ भोकं, दर वेळी तेवढीच. ती मोजत गेलं की अंधाऱ्या चित्रांच्या सीमाही बरोबर सापडतात.

काप काळ्या पट्टीच्या बरोबर मध्यावरून, एकाच हालचालीत. कात्री अडली आणि पुन्हा चालवली तर कडेला दात पडतो, आणि तो दात माउंटच्या खाचेत अडकून फिल्म वाकडी बसते. एकदम सगळी पट्टी कापू नका. एक कापा, बसवा, बंद करा, मग पुढची. टेबलावर कापलेले तुकडे जमा झाले की क्रम चुकतो आणि धूळही बसते.

कोणती बाजू कुठे

फिल्मची एक बाजू चकचकीत, दुसरी मंद, मॅट. मॅट बाजू म्हणजे चित्राचा थर. कोडॅकच्या जुन्या कोडॅक्रोम फिल्मवर तर तिरप्या उजेडात चित्राचे उंचसखल भाग दिसतात, ओळखायला सोपं. चकचकीत बाजूने पाहिलं की चित्र सुलटं दिसतं, कडेची अक्षरंही बरोबर वाचता येतात. प्रोजेक्टरमध्ये चकचकीत बाजू दिव्याकडे आणि मॅट बाजू पडद्याकडे असते.

पुष्कळ माउंटचं एक अर्ध पांढरं आणि दुसरं राखाडी किंवा काळं असतं. पांढरं दिव्याकडे, कारण ते उष्णता परतवतं. तेव्हा चकचकीत बाजू पांढऱ्या अर्ध्याकडे. माउंट एकाच रंगाचा असेल तर पहिल्या स्लाइडवर बाजू ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. एक सुलटी, एक उलटी असं झालं तर प्रत्येक स्लाइडला फोकस बदलावा लागतो, आणि दुकानाच्या पाट्या मधूनच आरशात वाचल्यासारख्या दिसतात.

झाडणं, बसवणं, मिटणं

तोंडाने फुंकर मारू नका. लहानपणापासूनची सवय असते, पण फुंकरीतून बाष्प आणि थुंकीचे कण जातात, आणि बुरशीला सुरुवात करायला तेवढं पुरतं. रबरी ब्लोअरने दोन्ही बाजूंनी हवा मारा. तुकडा उभा धरा म्हणजे धूळ खाली पडेल. उरलेला कण ब्रशच्या टोकाने उचला, घासू नका. काचेचा माउंट असेल तर चारही काचपृष्ठं तिरप्या उजेडात बघून झाडावी लागतात. पडद्यावर चित्र पन्नासपट मोठं झालं की केसाचा तुकडा दोरीसारखा दिसतो.

मग तुकडा कडेने धरून खाचेत सरकवा. बहुतेक माउंटमध्ये छोट्या जिभा असतात, फिल्मची भोकांची कड त्यांच्याखाली जायला हवी. भिंगातून बघा: चारही बाजूंना चित्र सारखं झाकलं जातंय का? क्षितिज खिडकीच्या कडेला समांतर आहे का? मांडवीचा काठ तिरका दिसला तर प्रेक्षक तेवढंच बघतात. समाधान झालं की दुसरं अर्ध वर ठेवून आधी दोन समोरासमोरचे कोपरे, मग उरलेले दाबा. चार 'टक' ऐकू यायला हवेत. एक कमी ऐकू आला तर तो कोपरा ट्रेमध्ये उघडणार.

तयार स्लाइड जशी पडद्यावर दिसायला हवी तशी हातात धरा आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात लाल टिकली लावा. प्रोजेक्टरमध्ये स्लाइड उलटी, डोकं खाली करून घालायची असते, त्यामुळे आपण प्रोजेक्टरमागे पडद्याकडे तोंड करून उभे असताना टिकली वर उजवीकडे येते. ट्रे भरला की सगळ्या टिकल्या एका रांगेत दिसल्या पाहिजेत. एखादी रांगेबाहेर असेल तर तेवढीच काढून फिरवा. टिकली साध्या कागदाची नको, गोंद ओला होऊन ती ट्रेत गळते. त्यापेक्षा मार्करचा ठिपका बरा. क्रमांक, गाव आणि साल माउंटवरच लिहा.

जुनी पेटी उघडताना

उघडण्याआधी प्रत्येक स्लाइडच्या दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो काढा. माउंटवरची बारीक अक्षरं फार मोलाची असतात. कोडॅकच्या पुठ्ठ्यांवर बऱ्याचदा महिना आणि साल छापलेलं असतं. ते फिल्म धुतल्याचं साल, फोटो काढल्याचं नव्हे. पण जुन्या मांडवी पुलाचं चित्र असेल आणि साल १९८६च्या आधीचं असेल, तर ५ जुलै १९८६ला कोसळलेला तोच पूल तुमच्या हातात आहे हे कळायला तेवढी नोंद पुरते. फेकलेल्या पुठ्ठ्याबरोबर ती जाते.

पुठ्ठ्याचा माउंट उष्णतेने चिकटवलेला असतो. खिडकीच्या बाजूने ब्लेड घालू नका. बाहेरच्या कडेला पातं आडवं सरकवून घडी सोडवा आणि दोन पानं हळूहळू उलगडा. फिल्म कुठे चिकटली असेल तर थांबा, आणि ती स्लाइड तशीच ठेवा.

पांढरे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ती बुरशी. अशी स्लाइड आधी वेगळ्या डब्यात, बाकीच्यांपासून दूर. नाकातोंडावर मास्क लावा. पाणी अजिबात लावायचं नाही: बुरशीने पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्र पुसलं जातं. आधी आहे त्या स्थितीत स्कॅन करून घ्या. मग शुद्ध, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्यावर घेऊन आधी कडेला, चित्राबाहेर करून बघा. रंग सुटला नाही तर एकाच दिशेने हलके फिरवा. बुरशीने खाल्लेला भाग परत येत नाही, फक्त पुढे खाणं थांबतं. वाळली की नव्या माउंटमध्ये. जुना पुठ्ठा जाळून टाका.

कोडॅक्रोमच्या स्लाइडबद्दल एक सूचना. अंधारात तिचे रंग दशकानुदशकं टिकतात, पण प्रोजेक्टरच्या उजेडात ते इतर फिल्मपेक्षा लवकर उडतात. ती धुण्याची प्रक्रियाच जगातून बंद झाली आहे, तेव्हा कोडॅक्रोमवर दुसरी प्रत मिळणार नाही. कौटुंबिक खेळात मूळ कोडॅक्रोम दाखवायचीच असेल तर क्वचित दाखवा आणि दहा-पंधरा सेकंदांत पुढे जा. कोणतीच स्लाइड मिनिटभर अडकवून गोष्ट सांगत बसू नये. गोष्ट सांगायची तर पडदा काळा करून सांगा.

ट्रे आणि पहिला फेरा

कोडॅकने स्लाइड प्रोजेक्टर बनवणं २००४मध्ये थांबवलं, त्यामुळे हाती येणारं यंत्र जुनंच असणार. अमेरिकेहून आलेलं असेल तर मागची पाटी वाचा. ११०-१२० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० व्होल्टला थेट जोडलं तर दिवा एका क्षणात जातो. ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर ५०० वॉटच्या वरचा.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सगळा ट्रे एकदा चालवा. अडकलेली स्लाइड ओढू नका. यंत्र बंद करून ट्रे उचलून घ्या, मग ती काढा. खेळाच्या दिवशी ट्रे एसी खोलीतून थेट देवळाच्या अग्रशाळेत किंवा अंगणातल्या मंडपात नेला तर थंड फिल्मवर बाहेरच्या हवेतलं पाणी जमतं. ट्रे बंद पिशवीत ठेवा, पिशवी बाहेर नेऊन अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्या, मग उघडा.

ठेवायचं कुठे

स्टीलचं कपाट, जमिनीपासून वर, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीपासून दूर. आत झाकण घट्ट बसणारे डबे आणि प्रत्येकात सिलिका. पाकिटं वापरायची तर पॉलिप्रॉपिलिनची. पीव्हीसीची पाकिटं कालांतराने चिकट होतात आणि त्यातून निघणारे पदार्थ फिल्म बिघडवतात. डांबरगोळ्या त्या कपाटात नकोत.

जुन्या घरांत कपाटात झिरोचा दिवा जळत ठेवतात. कल्पना बरोबर आहे, हवा किंचित तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. पण हल्ली दुकानात मिळणारे झिरोचे दिवे एलईडी असतात आणि ते तापतच नाहीत, त्यामुळे कपाटात नुसताच उजेड पडतो. परवडत असेल तर कॅमेऱ्यांसाठी मिळणारं विजेचं कोरडं कपाट घ्या आणि आकडा ४०वर ठेवा. ते नसेल तर मेअखेरीस सिलिका तापवून डबे बंद करा, आणि मध्ये ऑगस्टमध्ये एखाद्या उघडिपीच्या दुपारी दाण्यांचा रंग तेवढा बघा. डबा पारदर्शक झाकणाचा असेल तर त्यासाठी तो उघडावाही लागत नाही.